अप्रेझलच्या आधी आठवत बसू नका

एप्रिल ते मार्च राबायचं आणि सेल्फ अप्रेझलचा, म्हणजे वर्षभरातल्या आपल्याच कामाचा आढावा लिहायचा फॉर्म समोर आला की डोकं ब्लँक, पुण्याच्या हिंजवडीत काय नि मुंबईच्या बीकेसीत काय, सगळीकडे हेच. मॅनेजरलाही शेवटचे दोन-तीन महिनेच आठवतात, जूनमध्ये तुम्ही रात्रभर जागून सर्व्हर चालू केला होता ते तो केव्हाच विसरलेला असतो. म्हणून मी दर शुक्रवारी निघायच्या आधी एका फाईलमध्ये चार ओळी लिहून ठेवतो, काय केलं, कोणासाठी केलं, आणि आकडा असेल तर आकडा, म्हणजे नुसतं 'रिपोर्ट सुधारला' नाही तर 'दोन तासांचा रिपोर्ट 20 मिनिटांत आणला' असं. क्लायंटचा डेटा मात्र पर्सनल मेलवर टाकायचा नाही हां, नोकरीच जाईल! सीव्ही अपडेट करतानाही हीच फाईल कामाला येते.