विहिरीतले नाग एक दिवस बाहेर जातात

सकाळी सहाला चौकातून बादल्यांचा खडखडाट ऐकू आला आणि मी झोपेतच "टँकर आला" म्हणत उठले. नेपाळात, काठमांडूला लागून असलेल्या पाटणला राहायला लागल्यापासून ही सवय लागली आहे. नाशिकच्या गंगापूर धरणाचं पाणी पिऊन वाढलेल्या बाईला इथे टँकरच्या हॉर्नवर उठावं लागतं, हे मी सासरी अजून सांगितलेलं नाही.

पण टँकर नव्हता. चौकातल्या विहिरीत घरमालकांचा मुलगा कमरेला दोर बांधून उतरत होता, वर सात-आठ जण गाळाच्या बादल्या ओढत होते आणि पायरीवर बसून अजि सगळ्यांवर ओरडत होत्या. अजि म्हणजे आजी. नेवार म्हणजे काठमांडू खोऱ्यातले मूळचे लोक, त्यांच्या भाषेत आजीला अजिच म्हणतात. घर बघायला आलो तेव्हा हा शब्द कानावर पडला आणि मी घासाघीस न करता भाडं कबूल करून टाकलं. नवरा त्यावरून अजून बोलतो.

त्या दिवशी सिठी नख हा नेवारांचा सण होता. ज्येष्ठ शुद्ध षष्ठी. पाऊस तोंडावर आलेला आणि विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा विहिरी, तळी, हिटी म्हणजे दगडी पाणवठे, सगळं उपसून साफ करायचं. पाण्यात राहणारे नाग त्या दिवशी बाहेर गेलेले असतात, त्यामुळे आत उतरलं तरी त्यांना त्रास होत नाही, अशी समजूत. नागांना सुट्टी, माणसांना काम.

नेमके आई-बाबा नाशिकहून पंधरा दिवसांसाठी आले होते. बाबा प्रेसमधून रिटायर झालेत. प्रेस म्हणजे कुठली, हे नाशिककरांना सांगायला नको. नेपाळची पहिली कागदी नोट १९४५ साली निघाली, ती छापली आपल्या नाशिकच्या प्रेसने. ही माहिती बाबांनी विमानतळावरच्या टॅक्सीवाल्यापासून कोपऱ्यावरच्या दहीवाल्यापर्यंत सगळ्यांना दिली. दहीवाला म्हणाला, "हो का? बरं." बाबा दोन दिवस घुश्शात होते. खरं सांगायचं तर मीही होते. आपली एवढी मोठी गोष्ट, आणि समोरचा फक्त बरं म्हणतो!

त्या सकाळी मात्र बाबा खिडकीतून बघत राहिले. मग चहा न घेताच खाली गेले आणि त्या ओळीत उभे राहून बादल्या पुढे देऊ लागले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस! आई वरून ओरडली, "अहो, वाकू नका!" त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. काम झाल्यावर अजिंनी सगळ्यांना वो वाढले. उडदाच्या डाळीचे, जाडसर, तव्यावर भाजलेले. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि निकाल दिला, "वडा तव्यावर थापलाय." दोन खाल्ले, मग आणखी एक.

काठमांडू म्हटलं की आपल्याकडून येणारे पशुपतिनाथ, बौद्धनाथ, स्वयंभू आणि ठमेलची खरेदी करून तिसऱ्या दिवशी पोखऱ्याला निघतात. जावं, मी नाही म्हणत नाही. पण मला कुणी विचारलं तर मी आधी पाटणच्या दरबार चौकातल्या मंगा हिटीवर नेते. हिटी म्हणजे जमिनीखाली पायऱ्या उतरून जायचं दगडी कुंड, आणि त्यात मकरमुखातून पडणारं पाणी. मंगा हिटी इसवी सन ५७० ची. शिवराय जन्मायला अजून हजारावर वर्षं होती. अजूनही तिथे बायका प्लॅस्टिकच्या कळशा लावून उभ्या असतात. कॅमेरेवाले पर्यटक वरून वाकून बघतात, आणि त्या बायका त्यांच्याकडे आपण कुंभातल्या परदेशी पाहुण्यांकडे बघतो तशा बघतात.

बाबांना हे सांगितलं तर लगेच, "पांडवलेणी याच्या आधीची आहेत."

आहेतच. सातवाहनांच्या काळातली आहेत. तिथे पाण्याच्या पोढी, म्हणजे खडकात खोदलेली टाकीही आहेत. पण बाबा, तिथे आता कळशी घेऊन कोण जातं?

म्हणजे इथे सगळं आलबेल आहे असं नाही. खोऱ्यातल्या कितीतरी हिटी कोरड्या पडल्यात. वर इमारतींचे पाये खणले, खाली पाण्याच्या जुन्या वाटा तुटल्या. आणि बागमती? बागमतीच्या पुलावरून जाताना आईने नाकाला पदर लावला आणि आमच्या गोदावरीला आठवून म्हणाली, "आपली गंगा बरी गं बाई." हे ऐकून मला जे बरं वाटलं ते लिहायलाही लाज वाटते.

पण मला खरी टोचणी लागली ती राणीपोखरीमुळे. प्रताप मल्ल राजाने १६७० मध्ये, मुलाच्या दुःखात बुडालेल्या राणीसाठी बांधलेलं हे तळं, शहराच्या अगदी मध्यात. २०१५ च्या भूकंपानंतर डागडुजी निघाली आणि आत काँक्रीट ओतायला सुरुवात झाली. लोक रस्त्यावर उतरले. विटा आणि मातीच हवी, म्हणाले. काम थांबलं, पुन्हा जुन्या पद्धतीने झालं आणि २०२० मध्ये तळं भरलं. गुठीचं तसंच. गुठी म्हणजे देवळाची, जत्रेची, अगदी अंत्यविधीचीसुद्धा जबाबदारी वाहणाऱ्या जुन्या मंडळ्या, त्यांच्या स्वतःच्या जमिनी असतात. त्यांच्यावर सरकारचा ताबा येईल असं विधेयक २०१९ मध्ये आलं, तेव्हा काठमांडूत मैतीघरला एवढी गर्दी लोटली की सरकारला ते मागे घ्यावं लागलं.

हे मी जेवताना मोठ्या उत्साहाने सांगत होते. बाबा भात कालवत म्हणाले, "आपल्या गंगेतल्या कुंडांना खाली काँक्रीट केलं तेव्हा मी रोज सकाळी तिथूनच फिरायला जायचो. बघत होतो. एकदा सिमेंटचा मिक्सर वाटेत होता म्हणून चिडलो, तेवढंच."

पुढे झरे बुजले म्हणून कोर्टकचेऱ्या झाल्या, काँक्रीट काढायच्या गोष्टी झाल्या, ते तुम्हाला माहीत आहे. मी तेव्हा कॉलेजात होते. मीही बघतच होते.

आता कुणी म्हणेल, इतकं कौतुक आहे तर राहा तिथेच. थांबा. आमच्या रहाडी विसरले नाही मी. वर्षभर रस्त्याखाली झाकलेला हौद रंगपंचमीला उघडायचा, पूजा करायची, रंग कालवायचा, धप्पे मारायचे आणि पुन्हा बुजवून टाकायचा, हे पेशव्यांच्या काळापासून गल्लीतली माणसंच करत आली ना? ही आमची गुठीच. फक्त जमीन नाही आणि नाव नाही. अजिंना मी मोबाईलवर रहाडीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "बायका उडी मारतात का?" मी विषय बदलला.

आईला जिंकलं ते मच्छिंद्रनाथाने. तिचं माहेर त्र्यंबकचं. निवृत्तिनाथांच्या यात्रेत वाढलेली. मच्छिंद्र, गोरख, गहिनी, निवृत्ती ही परंपरा तिला पाढ्यांसारखी पाठ. पाटणच्याच लगनखेलला रातो मच्छिंद्रनाथाचा, म्हणजे लाल मच्छिंद्रनाथाचा रथ उभा होता. वेत-बांबू बांधून उभारलेला, पाच मजली इमारतीएवढा आणि चक्क तिरका. गोरखनाथ नागांना धरून बसले, पाऊस थांबला, म्हणून गुरूलाच इथे आणावं लागलं, अशी कथा. याच देवाला बौद्ध करुणामय म्हणतात आणि एकाच रांगेतून पुढे सरकतात. आईने चप्पल काढली, रथाच्या चाकाला हात लावला आणि म्हणाली, "गुरू इथे, शिष्य आपल्याकडे. म्हणजे आपण लेकीच्या घरी नाही, मूळ गावी आलो." इथेही बारा वर्षांनी मोठी यात्रा असते, रथ बुंगमती गावाहून ओढत आणतात. २०१५ मध्ये रथ वाटेत असतानाच भूकंप झाला. त्याच वर्षी आपल्याकडे सिंहस्थ होता. आईने बोटांवर मोजलं आणि गप्प झाली.

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी विषय काढला, जो आमच्याकडे कुणी काढत नाही. जुन्या नाशकातला आमचा वाडा. दहा वर्षांपूर्वी बिल्डरला दिला. माळवद गळत होतं, एका बाजूची भिंत टेकूवर होती, वारस सतरा, त्यांतले तिघे अमेरिकेत. कोण राहणार होतं तिथे? कुणीच नाही. मीही नाही. माझी सही होती कागदावर आणि आज विचारलंत तरी मी करीन. पाटणमध्ये भूकंपात दरबार चौकातली चारनारायण आणि हरिशंकर ही देवळं कोसळली, तर त्यांचे कोरीव खांब-तुळया ढिगाऱ्यातून वेचून ठेवून ती पुन्हा उभी केली, हे खरं. पण ती देवळं. आमचं घर होतं, तेही हप्ते न फेडता आलेल्या माणसांचं.

बाबा काही बोलले नाहीत.

परवा नाशिकहून फोन आला. "अगं, आपल्या वाड्यातली विहीर नेमकी कुठे होती? लिफ्टच्या अलीकडे की पलीकडे? वॉचमनला विचारलं, तो म्हणतो इथे विहीर नव्हतीच."

मी कागदावर नकाशा काढला. दिंडी दरवाजा, देवडी, तुळस, न्हाणीघर, विहीर. फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत आईचा मेसेज: "चूक. तुळस विहिरीच्या डाव्या हाताला होती."