मापपट्टीशिवाय जिग

राउटर म्हणजे लाकडात खाच कोरणारं यंत्र, आणि जिग म्हणजे त्याला ठरलेल्या वाटेने नेणारा साचा. असा जिग बनवताना मी मापपट्टी हाताच्या अंतरावर ठेवतच नाही. जी फळी खाचेत बसणार आहे, तीच माप. 18 मिमीचा म्हणून घेतलेला प्लाय बऱ्याचदा 18 भरत नाही, किंचित कमीच असतो. मग 18 च्या बिटने (राउटरमध्ये फिरणारं कापायचं अवजार) सरळ मारलेल्या खाचेत तो सैल बसतो.

खाचेच्या जिगला चार पट्ट्या पुरतात. दोन लांब, सरळ कडेच्या. दोन आखूड, आडव्या. एक लांब पट्टी आडव्या पट्ट्यांना गुण्या लावून काटकोनात गोंद आणि स्क्रूने पक्की करायची. मग खऱ्या फळीचा तुकडा उभा धरून दुसरी लांब पट्टी त्याला भिडवायची आणि तिथेच आवळायची. गोंदाला जागा हवी असेल तर तुकड्यासोबत एक कागद सरकवा. खाचेपेक्षा बारीक बिट घ्या, बेअरिंग (पट्टीला लागून फिरणारी कडी) दांड्याच्या बाजूला असलेला. बिट वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. अशा आतल्या कडांना लागून राउटरही त्याच दिशेने फिरवायचा. उलटा गेलात तर तो हातातून पळू पाहतो. एका वेळी फार खोल जायचं नाही, बिटच्या व्यासाच्या निम्म्याने उतरत जा.

फिंगर जॉइंटचा, म्हणजे दात्यात दाता अडकवून केलेल्या सांध्याचा, जिग मला जास्त आवडतो, कारण त्याचं सगळं गणित एका छोट्या लाकडी खुंटीत असतं. राउटर टेबलवर (खालून राउटर उलटा बसवलेलं टेबल) सरकणाऱ्या फळीला उभा आधार लावा, त्यात बिटने एक खाच पाडा. सागासारख्या घट्ट लाकडाची खुंटी रंध्याने तासत, त्या खाचेत न हलता बसेल इतकी करा. खुंटी लांबच कापा, म्हणजे उरलेला तुकडा मोजणीला मिळतो. तो बसवलेली खुंटी आणि बिट यांच्या मधे ठेवून आधार पक्का करायचा. बिटचं पातं बरोबर खुंटीकडे वळवून घ्या, नाहीतर अंतर चुकतं. मग भंगार फळ्यांवर सांधा करून बघायचा. दाते घट्ट जात असतील तर खुंटी बिटकडे केसभर सरकवा, सैल असतील तर लांब. हे केसभर सरकवणं हाताने नीट जमत नाही, म्हणून आधाराच्या टोकाला एम 6 चा बोल्ट लावा. त्याच्या आट्यांचं अंतर 1 मिमी असतं, म्हणजे पाव फेरा 0.25 मिमी. पाठीमागे एक टाकाऊ फळी धरली की दात्यांच्या मागच्या कडा फुटत नाहीत.

उरलेल्या तुकड्यांतून हे सगळं होतं, पण प्रत्येक तुकडा चालत नाही. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) सपाट असतो आणि टेम्प्लेटला, म्हणजे ज्याच्या कडेवरून राउटर फिरतो त्या नमुन्याला, उत्तम. मात्र त्याच्या कडेत स्क्रू मारला की तो फुटतो, आणि ओल लागली की फुगतो. आडव्या पट्ट्यांना म्हणून प्लायच. जिगच्या सरकणाऱ्या तळाला मेण घासा. हलायला नको असेल त्या तळाला पॉलिश पेपर चिकटवा, क्लॅम्पवरचा भार कमी होतो.

बिट बदलताना प्लग काढा. कापताना चष्मा आणि मास्क लावा. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो.

काम झालं की पेन्सिलने नको, मार्करने जिगवरच लिहा: कोणता बिट, कोणता राउटर, कोणता गाइड बुश (राउटरच्या तळाला बसणारी, टेम्प्लेटच्या कडेला लागून सरकणारी कडी). बुशचा बाहेरचा व्यास वजा बिटचा व्यास, भागिले दोन: इतकी कड टेम्प्लेटपासून सरकते, आणि बुश बदलला की तो टेम्प्लेट चुकीचा माल कापतो.