तुम्ही विचारलंत म्हणून: हायवे सोडून खाड्या ओलांडत का जाता?

मे महिना आला की कोणीतरी विचारतंच. मुंबईहून जयगडला जायचं तर सरळ मुंबई-गोवा हायवे धरा, चिपळूण, संगमेश्वर करत एका दिवसात पोचा, माणगावला हायवे सोडून श्रीवर्धन, केळशी, दाभोळ, गुहागर असे मुक्काम करत, तीन वेळा गाडी फेरीबोटीत चढवत का जाता? चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे म्हणून खड्डे चुकवायला जात असतील असं बरेच जण स्वतःच ठरवून टाकतात. नाही हो. किनाऱ्याचे रस्ते त्याहून अरुंद आहेत, आणि समोरून एसटी आली की कोणाला तरी मागे जावंच लागतं.

आमची माणसं त्या रस्त्यावर आहेत म्हणून जाते. आमच्या घरातल्या मुली दिल्या गेल्या त्या सगळ्या बंदरांवर, कारण तेव्हा येणंजाणं बोटीने होतं आणि एका बंदराला दुसरं बंदर जवळचं होतं. नंतर रस्ते झाले, रेल्वे झाली, सगळं आतल्या बाजूने, आणि समोरासमोरची गावं लांब झाली. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की वाशिष्ठीपलीकडे धोपावे दिसतं, पण बोट नसेल तर गाडीला खेड, चिपळूण, गुहागर असा अख्खा वळसा. हायवेने गेलं की मी माझ्या घरी पोचते, पण मधल्या आत्या, मावश्या, चुलत्या सगळ्या पन्नास-पन्नास किलोमीटर बाजूला राहतात, आणि बाजूला राहिलेल्या माणसाकडे ‘पुढच्या वेळी नक्की’ असं म्हणून कोणीही जात नाही. मी पाहिलंय.

आता निसर्ग वादळाचं सांगते, कारण त्याशिवाय हे पूर्ण होत नाही.

३ जून २०२०. दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं आणि तिथल्या आत्याचा फोन लागेनासा झाला. टॉवर पडले, वीज गेली, त्यात लॉकडाऊन, जिल्हा ओलांडायला ई-पास. टीव्हीवर पत्रे उडताना दिसत होते आणि आम्ही त्यात तिचं घर शोधत होतो. शेवटी गावातल्या कोणीतरी कुठल्यातरी टेकडीवर चढून फोन केला की म्हातारी बरी आहे, वाडी गेली.

वाडी गेली म्हणजे काय ते पास मिळून तिथे पोचेपर्यंत मला कळलेलं नव्हतं. आत्याच्या मागच्या दारात भर दुपारीसुद्धा अंधार असायचा, माड आणि पोफळी इतक्या दाट, पाटाचं पाणी वाहत असायचं, पाय टाकला की गार. त्या दारातून आता लख्ख ऊन घरात आलं होतं. आडव्या पोफळी एकमेकींवर पडलेल्या, माड मध्येच मोडलेले, आणि वाडीपलीकडची घरं, जी मी जन्मात त्या दारातून पाहिली नव्हती, ती दिसत होती. आत्या रडली नाही. काठीने एकेक बुंधा दाखवत होती, हा सासऱ्यांनी लावलेला, हा तुझ्या बाबांनी मुंबईला जायच्या वर्षी, ही ओळ माझी. पंचनामा झाला होता, मदत हेक्टरी ५० हजार जाहीर झाली होती. आमच्याकडे हेक्टर कोणाकडे असतो? लोकांकडे गुंठे आहेत, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. पुढे ओरड झाल्यावर झाडामागे हिशोब झाला, पण उभं झाड म्हणजे काय ते त्यातही आलं नाही, कारण नारळ काय किंवा पोफळ काय, आज लावलं तर हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात.

आतेभाऊ तिथेच उभा राहून म्हणाला, आई आता विकूया, रिसॉर्टवाले विचारतायत. ती त्याच्याशी बोललीच नाही, माझ्याकडे वळून म्हणाली, “तू सांग गो, मी लावू का परत? खाणार कोण?”

मी म्हटलं, लाव. इतकंच. आधार द्यायला म्हटलं का खरंच वाटलं म्हणून, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

कॉलेजातली मी असते तर भांडली असती. तेव्हा मी बाबांना म्हणायचे की वाडीत पैसा घालणं म्हणजे निव्वळ भावनेचा कारभार आहे, हिशोब करा. त्या कॉलेजातल्या मुलीचा हिशोब चूक नव्हता. ती आज विचारेल की तू दोन दिवस जाऊन येतेस, त्याने आत्याचं शिपणं होतं का, माणूस मिळतो का कामाला? नाही होत, नाही मिळत. पण व्हिडिओ कॉलवर आत्या मला फक्त पुढची पडवी दाखवते, मागच्या दारी मी स्वतः गेले तरच नेते, आणि खरं काय चाललंय ते तिथे उभी राहूनच बोलते. मग मी जाऊ नको का?

आत्याने अर्धी वाडी परत लावली. पोफळीच्या रोपांना सावली लागते म्हणून आधी केळी लावल्या, मग मध्ये रोपं. उरलेल्या अर्ध्यात गवत आहे आणि त्याच्यावरून मायलेकांचं अजून पटत नाही. भावाचं म्हणणं, निदान तेवढा तुकडा विकून घराचं छप्पर नीट करू, आणि छप्पर खरंच गळतं. यावेळी दोघंही मलाच विचारणार, कारण पुढची खाडी ओलांडायला बागमांडल्याची बोट पकडण्याआधी मी रात्रभर तिथे असते. छप्पर मी पाहिलंय, रोपंही पाहिलीत, आणि मला यातलं कुठलंच एक बोलता येत नाहीये.