मुंबई ते मोपा, सकाळचं विमान: कोकण किनाऱ्यासाठी खिडकी कुठली?

मुंबईहून गोव्याकडे, म्हणजे उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाकडे जाताना समुद्र उजवीकडे, सह्याद्री डावीकडे. एअरबस ३२० मध्ये उजवी खिडकी ‘एफ’ आणि डावी ‘ए’. किनारा बघायचा तर जाताना एफ, येताना ए. इथवर सगळं सोपं. घोळ होतो तो रांग आणि वेळ ठरवताना.

१८० आसनांच्या ३२० मध्ये साधारण नवव्यापासून एकोणिसाव्या रांगेपर्यंत खाली बघितलं की पंखच दिसतो. आपत्कालीन दाराजवळच्या रांगा पाय पसरायला झकास, देखाव्याला कुचकामी. तिसरी ते सातवी रांग घ्यावी. अगदी मागेही पंख आड येत नाही, पण इंजिनाच्या गरम झोतामुळे फोटोत किनाऱ्याची रेघ थरथरते. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या जरा पुढे एखाद्या रांगेला खिडकीच नसते, कारण तिथून एसीची नळी वर जाते. खिडकीचे जादा पैसे भरून भिंत बघत बसायचं! एटीआर हे छोटं पंख्याचं विमान मिळालं तर सोनंच: पंख डोक्यावर आणि उडणं कमी उंचीवरून. फक्त इंजिनाशेजारच्या रांगा टाळायच्या.

सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, म्हणजे एफवाल्याच्या पाठीमागून, आणि वाळू, कातळ, किल्ल्यांचे तट स्वच्छ उजळतात. दुपारनंतर तेच ऊन तोंडावर येतं आणि किनारा काळा पडतो. खाड्या मात्र तेव्हाच चांदीसारख्या चमकतात, त्यामुळे नदीचं वळण न् वळण बघायचं असेल तर दुपारही वाईट नाही. सूर्यास्त हवा असेल तर परतीचं संध्याकाळचं विमान, ए.

पावसाळ्यात खिडकीसाठी पैसे घालवू नयेत, खाली नुसते ढग. सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर: हवा धुतलेली, सडे (कातळाची पठारं) अजून हिरवट. मार्च-एप्रिलमध्ये भाजावळीचा (शेतं भाजण्याचा) धूर आणि उन्हाची धूसर यांत दूरचं काही उमटत नाही.

मुंबईत उड्डाण बहुतेक वेळा पश्चिमेला, समुद्रावर होतं आणि मग विमान डावीकडे वळतं. त्या वेळी शहर आणि सी-लिंक ए-वाल्यांच्या वाट्याला जातात, एफला नुसतं पाणी. हिरमुसू नये. मुंबई-गोवा सरळ रेघ किनाऱ्याच्या साधारण दहा ते तीस किलोमीटर आत, जमिनीवरून जाते, आणि हे अंतर फार सोयीचं आहे. विमान किल्ल्याच्या बरोबर डोक्यावर असेल तर खिडकीतून तो दिसतच नाही. तिरकी नजर लागते.

पहिली ठळक खूण राजपुरी खाडी, तिच्या तोंडाशी जंजिरा आणि जरा उत्तरेला समुद्रात पद्मदुर्ग. मग बाणकोटची खाडी, हर्णैला सुवर्णदुर्ग, दाभोळला वाशिष्ठीचं रुंद मुख, गुहागरची लांब सरळ वाळू, जयगड. गणपतीपुळे-रत्नागिरीच्या सुमारास विमान उतरणीला लागतं, आणि खरी मजा इथून पुढे. विजयदुर्ग, मग देवगडच्या पवनचक्क्या. मालवणला सिंधुदुर्गाचा तट ओळखू येतो. त्याच्या दक्षिणेला देवबाग चुकवू नये: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर माड आणि घरं. टोकाशी, नदी समुद्राला मिळते तिथे, पाण्याचे दोन रंग वेगळे दिसले तर फोन तयार ठेवावा. यानंतर वेंगुर्ल्याचे खडक आणि तेरेखोलची खाडी.

वारा समुद्राकडून असेल तर मोपाला उतरणं पूर्वेकडून होतं, म्हणजे विमान आधी सह्याद्रीकडे जातं. किनारा संपला, पण तिलारी धरणाचं पाणी दिसायची शक्यता असते.

कधीकधी नियंत्रण कक्ष विमानाला समुद्रावरून नेतो आणि किनारा डावीकडे येतो. म्हणून आसन घेण्याआधी त्याच क्रमांकाच्या विमानाचा गेल्या काही दिवसांचा मार्ग ट्रॅकिंग ॲपवर बघावा.

फोटोसाठी फ्लॅश बंद, भिंग काचेच्या जवळ पण टेकवू नये, नाहीतर कंप उतरतो. काचेत आपलंच प्रतिबिंब पडत असेल तर गडद ओढणी किंवा जॅकेट भोवती धरावं. ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून घ्यावा; फ्लाइट मोडमध्येही बहुतेक फोनचं जीपीएस खिडकीशी चालतं आणि खालची खाडी कुठली ते कळतं. तिकीट मोपाऐवजी दाबोळीचं, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळाचं असेल तर तिथे नौदलाचा तळ आहे. उतरताना आणि जमिनीवर कॅमेरा बंदच ठेवावा.