मीरा चढते आहे : दिवाळी ते होळीच्या नोंदी

या हंगामात मीरा, म्हणजे ठरावीक काळाने उजळणारा आणि मंदावणारा तारा, सोडायची नाही, हे दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. तिचं एक आवर्तन सरासरी ३३२ दिवसांचं, म्हणजे वर्षापेक्षा महिनाभर कमी. त्यामुळे तिच्या कमाल तेजाचा काळ दर वर्षी महिनाभर अलीकडे सरकत जातो. युरोपातल्या निरीक्षकांना याचा जाच दोन-तीन वर्षंच होतो, कमाल सूर्याच्या आसपास येते तेव्हा. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर. २०२१ ची कमाल ऑगस्टच्या सुमारास, २०२२ ची जुलैत, २०२३ ची जूनमध्ये, तिन्ही ढगांत गेल्या. २०२४ आणि २०२५ ला ती एप्रिल-मेकडे आली, आणि एप्रिलच्या अखेरीस सूर्य मीरेच्या शेजारीच असतो. ओळीने पाच वर्षं कोरडी! २०२६ ची कमाल मार्चच्या आगेमागे अपेक्षित होती. चढण संध्याकाळच्या आकाशात पूर्ण मिळणार, उतरण मात्र संधिप्रकाशात बुडणार. दुधाची तहान ताकावर, पण ताक तरी सोडू नये.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. मीरा म्हणजे तिमिंगल तारकासमूहातला ओमिक्रॉन. तांबडा राक्षसी तारा, अंतर सुमारे ३०० प्रकाशवर्षं. किमान तेज नवव्या-दहाव्या प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा ठळक) उतरतं आणि कमाल बहुतेक वेळा साडेतीनच्या आसपास असते. कधी दुसऱ्या प्रतीपर्यंत मजल जाते, कधी पाचव्यापाशीच गाडी अडते. वर्षातले बरेच महिने नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच नसतं, आणि मग दोन-अडीच महिन्यांत एक ठसठशीत तारा उभा राहतो. हा आकडेवारीचा खेळ नाही, समूहाचा आकारच बदलल्यासारखा वाटतो.

जागा शोधायची युक्ती माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे. कृत्तिकांच्या दक्षिणेला तिमिंगलाचं डोकं. त्यातला ठळक तारा आल्फा, म्हणजे मेंकर. मेंकरपासून डेल्टापर्यंत रेघ ओढा आणि तेवढीच पुढे न्या. रेघ जिथे संपते तिथे मीरा. द्विनेत्रीत (बायनॉक्युलरमध्ये) डेल्टा ते मीरा हे अंतर एका क्षेत्रात जेमतेम मावतं. एकदा हात बसला की स्टेलॅरियम हे आकाशनकाशाचं अ‍ॅप उघडायची गरज पडत नाही.

नोव्हेंबर, कार्तिक अमावास्येच्या आसपास. फलटणकडे शेतावर. किमान नुकतंच होऊन गेलेलं असावं. १० बाय ५० च्या द्विनेत्रीने दिसली, पण विश्वास ठेवायला वेळ लागला. मीरेपासून दोनच कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक नवव्या प्रतीचा दुसरा तारा आहे. त्याचा तिच्याशी काही संबंध नाही, फक्त आपल्या नजरेच्या रेषेत आलेला. मीरा तळाला असते तेव्हा हे दोघे जवळपास सारखे दिसतात आणि घाईत त्याचीच प्रत मीरेच्या नावावर लिहिली जाते. म्हणून तळाच्या नोंदींसाठी तिपाई हवीच. हातात धरलेल्या द्विनेत्रीत हे दोन ठिपके सुटे होत नाहीत. माझा अंदाज नऊच्या आसपास. त्या रात्री आजूबाजूला पाचट पेटवलेलं होतं, क्षितिजापासून वीस अंशांपर्यंत धुराचा पडदा. मीरा पुष्कळ उंचावर होती म्हणून निभावलं. आपल्या अक्षांशावरून ती याम्योत्तरावर, म्हणजे आकाशात सगळ्यात उंच असताना, ६८ अंशांच्या घरात चढते, ही आपली जमेची बाजू.

डिसेंबरात फारसं सांगण्यासारखं नाही. चढते आहे एवढं खरं.

जानेवारी, पौष अमावास्या. इथे खरी मजा सुरू झाली. मीरेपासून दोन अंशांच्या आतच ६६ क्रमांकाचा तारा आहे, प्रत ५.७. तो माझा खुंटा. तो ओलांडेपर्यंत मीरा 'द्विनेत्रीतला तारा', ओलांडला की 'गावाकडच्या डोळ्यांचा तारा'. अमावास्येला ती अजून खाली होती, पण आधीच्या नोंदीशी ताडून पाहिलं तर दहा-बारा दिवसांत जवळपास एक प्रत वाढलेली. चढण अशी उभी असते. मीरेच्या आलेखात चढायला सुमारे चार महिने आणि उतरायला सात, त्यातही चढणीचा मधला भाग सगळ्यात तीव्र. याच काळात दोन नोंदींमध्ये तीन आठवडे गेले तर आलेखाच्या कण्याचाच तुकडा हरवतो.

आता हे तेज वाढतं म्हणजे नेमकं काय होतं, यावर आमच्या निरीक्षकांच्या कट्ट्यावर दर वेळी वाद होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवव्या प्रतीपासून साडेतीनपर्यंत म्हणजे साधारण दीडशे पट फरक. तारा खरोखर दीडशे पट ऊर्जा टाकू लागतो का? नाही. अवरक्तासकट सगळी ऊर्जा मोजली तर कमाल-किमानातला फरक दुपटी-अडीचपटीच्या आसपासच राहतो. बाकीची करामत आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या पट्ट्यातली. मीरेच्या पृष्ठभागाचं तापमान ३००० केल्विनच्या आसपास, सूर्याच्या जेमतेम निम्मं. इतक्या थंड ताऱ्याचा बहुतेक प्रकाश अवरक्तात जातो, दृश्य प्रकाश म्हणजे कडेची एक पातळ पट्टी. तापमान थोडं उतरलं की ही कडेची पट्टी पहिली मार खाते. त्यात दुसरी भर टायटॅनियम ऑक्साइडची. तारा स्पंदनात फुगून थंड झाला की बाहेरच्या थरांत या रेणूंचं पीक येतं, आणि हे रेणू नेमका दृश्य प्रकाश गिळतात. वर्णपटात त्यांचे रुंद काळे पट्टे दिसतात. तारा पुन्हा तापला की रेणू तुटतात आणि वाट मोकळी होते. म्हणजे आपण वहीत जो आलेख काढतो तो ताऱ्याच्या भट्टीचा कमी आणि तिच्या धुराड्याचा जास्त. मला ही गोष्ट मीरेच्या आकारापेक्षाही भारी वाटते. लोक मात्र आकारच विचारतात.

तर आकार. त्रिज्या सूर्याच्या साडेतीनशे पटींच्या घरात, आणि कोणत्या तरंगलांबीत मोजता त्यावर आकडा बदलतो, कारण अशा ताऱ्याला ठाम कड नसतेच. सूर्याच्या जागी ठेवली तर पृथ्वी आत, मंगळाची कक्षा काठावर. वस्तुमान मात्र सूर्याच्या सव्वापटीच्या आसपास. एवढंसं द्रव्य एवढ्या जागेत पसरलेलं, त्यामुळे सरासरी घनता आपल्या हवेच्याही हजारो पट कमी. मधोमध मात्र कार्बन-ऑक्सिजनचा गच्च गाभा, साधारण पृथ्वीएवढा, आणि त्याभोवती हेलियम व हायड्रोजन जळणारे पातळ थर. सगळं तेज तिथलं. बाहेरचा अवाढव्य फुगा नुसता वरखाली होतो आणि प्रत्येक वेळी थोडा वायू हातचा घालवतो.

हा घालवलेला वायू २००७ मध्ये गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीच्या अतिनील छायाचित्रांत सापडला. मीरेमागे तब्बल १३ प्रकाशवर्षं लांबीची शेपटी. तारा आजूबाजूच्या वायूतून सेकंदाला सुमारे १३० किलोमीटर वेगाने चालला आहे आणि गेल्या ३०,००० वर्षांत टाकलेलं द्रव्य मागे पसरत गेलं आहे. आकाशात ती शेपटी दोन अंशांच्या आसपास भरते, म्हणजे माझ्या द्विनेत्रीच्या क्षेत्रात सहज मावेल. दिसणार काहीच नाही, पण तिकडे रोखून पाहताना ती आठवतेच. शिवाय मीरा एकटी नाही, शेजारी एक श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, आहे आणि तो या उधळपट्टीतलं थोडं द्रव्य स्वतःकडे ओढतो. १९२३ मध्ये अमेरिकन खगोलज्ञ एटकेन यांनी तो दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिला. आपल्या साधनांना तो झेपणारा नाही, तेव्हा पुढे जाऊ.

फेब्रुवारी. पौर्णिमा १ तारखेच्या रात्रीची, त्यामुळे पहिला आठवडा फुकट. दुसऱ्या आठवड्यात चंद्र उशिरा उगवू लागला आणि फलटणला मीरा नुसत्या डोळ्यांनी दिसली. महाशिवरात्रीच्या सुमारास पुण्यात गच्चीवरूनही. पुण्यात माझ्या गच्चीची मर्यादा चौथ्या प्रतीच्या थोडी पलीकडे, तेही हवा बरी असेल तर. म्हणून गच्चीवरून दिसली याचा अर्थ मी थेट 'चारच्या वर' असा लावते.

अंदाज कसा बांधला ते लिहिते, कारण विचारणा होतेच. तिमिंगलातल्या गॅमाची प्रत ३.५, डेल्टाची ४.१. मीरा या दोघांच्या मध्ये. गॅमापासून डेल्टाकडे जाताना ती किती वाटेवर आहे? मला दोन तृतीयांश वाटेवर वाटली. दोघांतला फरक ०.६, त्याचे दोन तृतीयांश ०.४, म्हणून ३.९. एवढंच. एएव्हीएसओ, म्हणजे रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकेतली संघटना, तिच्या नकाशात या प्रती ३५, ४१ अशा बिनबिंदूच्या छापलेल्या असतात, कारण नकाशावर दशांशचिन्हाचा ठिपका तारा समजला जाऊ शकतो.

पण दोन सावधगिऱ्या. एक, मीरा तांबूस. तांबड्या ताऱ्याकडे टक लावलं की तो उजळत गेल्यासारखा वाटतो, आणि पांढरट डेल्टाबाबत तसं होत नाही. म्हणून झटकन नजर टाकायची, हलवायची, पुन्हा टाकायची. मी द्विनेत्री किंचित अस्पष्ट करते, मग ठिपक्यांऐवजी चकत्या दिसतात आणि चकत्यांची तुलना सोपी जाते. मेंकरही तांबडा राक्षसीच, रंग जुळतो, पण त्याची प्रत २.५, फार वरची. मीरा तिसऱ्याच्या पुढे गेली तरच त्याचा उपयोग.

दुसरी सावधगिरी पश्चिमेची. मावळतीकडे कललेल्या तिमिंगलात गॅमा आणि डेल्टा मीरेच्या वर असतात. मीरेचा प्रकाश जास्त जाड हवेतून येतो आणि ती आहे त्यापेक्षा मंद ठरते. यावर तोडगा मीन राशीतला आल्फा, प्रत ३.८. तो मीरेच्याही खाली असतो. वरच्याशी तुलना करून एक अंदाज, खालच्याशी करून दुसरा, आणि दोन्ही वहीत. फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या दोन अंदाजांत ०.३ चा फरक पडत होता, आणि तो क्षितिजाकडे जाताना वाढतच गेला. सरासरी पाठवली, शेऱ्यात 'खालची उंची, धूळ' असं लिहून.

३ मार्चची पौर्णिमा, होळीची, ऐन मोक्यावर आडवी आली. त्यानंतरच्या नोंदी थोड्याच. मार्चच्या मध्यापर्यंत मीरा साडेतीनच्या आसपास घुटमळत होती असं माझी वही म्हणते, पुढे संधिप्रकाशाने तिला गाठलं. कमाल नेमकी कोणत्या तारखेला झाली हे एकट्याच्या वहीतून निघणार नाही. त्यासाठीच नोंदी एकत्र करायच्या असतात. एएव्हीएसओ १९११ पासून तेच काम करते आहे.

आणि या कामात आपल्या उपखंडातला माणूस फार आधी होता, हे कट्ट्यावर फारसं कुणाला माहीत नसतं. आजच्या बांगलादेशातल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र. सरकारी खजिन्यात नोकरी, विज्ञानाची पदवी नाही, आणि रूपविकारी ताऱ्यांच्या हजारो नोंदी त्यांनी एएव्हीएसओला पाठवल्या. १९२६ मध्ये त्यांना अमेरिकेतून सहा इंची दुर्बीण वापरायला आली, ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली. मीरेचा पहिला निरीक्षक डाव्हिट फाब्रिट्सियुस हाही पेशाने खगोलवाला नव्हता, फ्रिसियातला (आजच्या जर्मनीतला) पाद्री. १५९६ च्या ऑगस्टमध्ये एका ग्रहाची जागा मोजायला त्याने जवळचा एक तारा धरला, तो तारा आधी उजळला आणि ऑक्टोबरापर्यंत गायब झाला. त्याला तो नवतारा वाटला. १६०९ मध्ये तोच तारा पुन्हा दिसल्यावर तो चक्रावला. (या पाद्रीबुवांनी पुढे प्रवचनात एका हंसचोराकडे बोट दाखवलं आणि त्या चोराने डोक्यात फावडं घालून त्यांना मारलं. १६१७ ची गोष्ट.) आवर्तन ओळखलं ते होल्वार्डा या डच खगोलज्ञाने, १६३८ मध्ये.

पुढचं पंचांग, सरासरी ३३२ दिवस धरून. मीरा दोन-तीन आठवडे इकडेतिकडे करते, तेव्हा तारखा सैल धरा. पुढची कमाल जानेवारी २०२७ च्या शेवटाकडे, त्यानंतरची डिसेंबर २०२७ च्या अखेरीस, मग नोव्हेंबर २०२८ आणि ऑक्टोबर २०२९. सगळ्या कोरड्या हवेतल्या, तारा संध्याकाळी किंवा रात्री उंच. ऑक्टोबर २०२९ ची चढण मात्र बहुतेक पावसाळ्यातच जाईल, आणि २०३० ला कमाल सप्टेंबरात शिरली की पुन्हा ढगांचं राज्य. म्हणजे हाताशी असलेले चांगले हंगाम तीनच. २०२७ च्या चढणीसाठी नोव्हेंबर २०२६ पासून सुरुवात करायची आहे. कोल्हापूर, नाशिक, विदर्भ अशा वेगवेगळ्या आकाशांखालून चार-पाच जणांनी तेच तुलनातारे वापरले, म्हणजे चार ओलांडेपर्यंत ६६, नंतर डेल्टा, गॅमा आणि मीनेतला आल्फा, तर आलेख जुळवणं सोपं जाईल. द्विनेत्री आठवी प्रत दाखवणारी असली तरी चालेल. नवव्या प्रतीचा तळ मी फलटणहून सांभाळते.