डोक्यावर कनू, पाठीवर भडंग

कनू म्हणजे वल्हवायची लांब, अरुंद, हलकी नाव. तिच्या सहलीचा कुठलाही फोटो बघा. संथ पाणी, निवांत वल्हवणारी दोन माणसं, मागे झाडी. ही कनू एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाते कशी, ते मात्र कोणी दाखवत नाही. ती आपल्या डोक्यावरून जाते.

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातलं अल्गॉन्क्विन पार्क टोरांटोहून गाडीने तीनेक तासांवर. १८९३ पासून राखलेलं, साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आणि त्यात २,४०० च्या वर तळी. आरपार जाणारा मोठा रस्ता एकच, हायवे ६०, तोही दक्षिण भागातून. आत जायचं तर पाण्याने. पण तळी एकमेकांना चिकटलेली नाहीत. मध्ये कुठे धबधबा, कुठे टेकडी, कुठे नुसताच चिखल. तेवढा तुकडा नावेसकट सगळा संसार अंगावर घेऊन चालायचं, हा पोर्टाज. सुरुवातीला पिवळी पाटी आणि तिच्यावर मीटरमध्ये अंतर. ‘कनू लेक’हून ‘जो लेक’ला जाताना २९५ मीटर, म्हणजे बालवाडीच. पुढे आकडे हजाराच्या वर जातात, आणि नकाशावरच्या बारीक रेघेत चढ दिसत नाही.

आम्ही चौघे: एक ठाणेकर, एक नाशिककर, एक कोल्हापूरकर आणि मी. सामानाची बैठक टोरांटोजवळच्या मिसिसागात एका बेसमेंटमध्ये भरली. ठाणेकराने हातात धरायचा वजनकाटा आणला होता, भारतात जाताना बॅगा तोलतो तोच. २३ किलोंच्या मर्यादेत २२.९ किलो कोंबायची विद्या परदेशातल्या मराठी माणसाला न शिकवता येते. फरक इतकाच की ती बॅग काउंटरवर कोणीतरी ओढून घेतं. इथे घेणारं कोणी नाही. पार्कात आतल्या भागात काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे न्यायला बंदी, म्हणून लोणच्याने बरणी सोडली. भाजणी, मेतकूट, गुळाची ढेप यांवर एकमत झालं. वाद झाला तो भडंगाच्या डब्यावर.

‘‘भडंगाला वजन नसतं,’’ कोल्हापूरकर म्हणाला.

‘‘जागा लागते,’’ ठाणेकर.

‘‘जागा म्हणजे वजन नव्हे,’’ असं म्हणून त्याने डबा बॅगेत घातलासुद्धा.

कनू उचलायची एक रीत आहे. काठ धरून ती आधी मांडीवर घ्यायची, पलीकडचा हात मधल्या आडव्या दांड्यावर, मग गुडघ्याचा हिसका देऊन एका दमात डोक्यावर पालथी. दांड्याला मानेसाठी खाच असते. ती जागेवर बसली की खांद्यांना नीट पेलते. केव्हलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची कनू जेमतेम २० किलोंची. डोकं आत गेलं की जगाशी संबंध सुटतो. पायांपुढची दहा फूट वाट तेवढी दिसते. मुळं, ओला दगड, पुन्हा मुळं. आपलाच श्वास आत घुमतो. डासांना ही जागा फार आवडते. दोन्ही हात वर अडकलेले, त्यामुळे नाकावर बसलेल्या डासाला फुंकर मारण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि डासाला ते माहीत असतं.

सगळं एका खेपेत गेलं तर उत्तम. दोन खेपा झाल्या की अंतर दुप्पट नाही, तिप्पट होतं, कारण मध्ये रिकाम्या हाताने परत यावं लागतं. दीड किलोमीटरचे साडेचार किलोमीटर. नाशिककराने हा हिशेब परत येताना मोठ्याने मांडला, भडंगाच्या बॅगेकडे बघत.

फरच्या व्यापाराच्या काळात इकडच्या नद्यांवरून माल नेणारे वोयाजर एकेक गाठोडं ९० पौंडांचं, म्हणजे चाळीस किलोंच्या वर, आणि अशी दोन एका वेळी नेत, कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याच्या आधाराने. त्यांच्या नावा इथल्या आदिवासींच्या विद्येतून आलेल्या. बर्चची साल, ती शिवायला स्प्रूसची मुळं, सांधे बुजवायला झाडाचाच डिंक. नाव फाटली तर दुरुस्तीचं सामान जंगलातच उभं. मला त्यांच्या ताकदीपेक्षा या न घ्याव्या लागणाऱ्या सामानाचा हेवा वाटतो.

चित्रकार टॉम थॉमसन याच पार्कात वाटाड्या होता. १९१७ च्या जुलैत कनू लेकमध्येच त्याचा मृत्यू झाला, आणि इतका सराईत माणूस गेला कसा, यावर लोक अजून वाद घालतात. मला कुतूहल त्याच्या पेटीचं. रंगवायला तो वहीच्या पानाएवढ्या लाकडी फळ्या नेत असे, पेटीत मावतील अशा. मोठे कॅनव्हास पुढे हिवाळ्यात, टोरांटोत. एवढं आभाळ समोर असताना तेवढ्याशा फळीवर भागवायचं!

आम्हाला वजन कमी करायचा एकच मार्ग माहीत होता, जेवण. कांदे-बटाटे पहिल्या रात्रीच संपवले. उरलेलं अन्न, साबण, टूथपेस्ट, वास येणारं सगळं एका पिशवीत भरून अस्वलांपासून लांब टांगायचं असतं, जमिनीपासून चारेक मीटर उंच आणि खोडापासून दूर. दगड बांधलेली दोरी फांदीवरून पलीकडे टाकताना प्रत्येकाचं गल्लीतलं क्रिकेट बाहेर आलं. कोल्हापूरकराने लसणीच्या चटणीला वेगळी पिशवी मागितली. काळजी अस्वलाची की चटणीची, ते कळलं नाही. रात्री लून ओरडला. कॅनडाच्या डॉलरच्या नाण्यावर गप्प बसणारा हा पक्षी खरा ओरडतो तेव्हा कोणीतरी हसतंय की रडतंय ते ठरत नाही. ठाणेकर टॉर्च घेऊन उठून बसला.

पोर्टाजवर ज्याच्या डोक्यावर कनू, त्याला वाट द्यायची, असा रिवाज आहे. एका चढावर आम्ही बॅगा टाकून बसलो होतो, भडंगाचा डबा अखेर उघडला होता. समोरून एक कनू आली. खाली दोन बारीक पाय, करड्या केसांची एक वेणी, मागे एक कुत्रा. बाई एकट्याच. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. आम्ही बाजूला झालो. त्या थांबल्या, कनू न उतरवता विचारलं, हा वास कसला? कोल्हापूरकराने कनूच्या खाली हात घालून त्यांच्या तळव्यावर मूठभर भडंग ठेवलं. आतून थोडा वेळ कुरकुर ऐकू आली. मग मोठा ठसका. आम्ही पाण्याची बाटली शोधायला लागलो, तेवढ्यात तो तळवा पुन्हा बाहेर आला, रिकामा, आणि तसाच पसरलेला राहिला.

ठाणेकराने डबाच पुढे केला. ‘‘घ्या, घ्या, वजन नसतं त्याला.’’