आमची वाटचाल

शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, मी बारा वर्षे कामगार भरतीचे काम पाहिले आणि त्या अनुभवाच्या बळावर कोल्हापुरात ही प्रशिक्षण संस्था सुरू केली. प्रारंभी आम्ही आयटीआय झालेल्या मुलांना नोकरीसाठी तयार करत असू. 2015 मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, ठिकठिकाणी केंद्रे निघाली आणि आमच्याही तुकड्या भरू लागल्या. परंतु आमच्याकडून डेटा एन्ट्री शिकून गेलेली मुले घरी बसून होती आणि त्याच वेळी माझ्या ओळखीचे कारखानदार मोल्डिंग (साचे बनवणे) आणि फेटलिंगला (ओतलेला माल साफ करणे) माणूस मिळत नाही म्हणून रात्रपाळी बंद ठेवत होते. यात मुलांचा काहीच दोष नव्हता. कोणता अभ्यासक्रम चालवायचा हे ठरवणाऱ्यांनी, त्यात आम्हीही आलो, कारखान्यात जाऊन विचारलेच नव्हते.

तेव्हापासून आम्ही प्रशिक्षण देतो ते ठरवणाऱ्यांना : उद्योग आणि कौशल्य विकासाचे काम पाहणारे अधिकारी, औद्योगिक संघटनांचे पदाधिकारी, आयटीआयचे निदेशक. तीन दिवसांच्या वर्गाचा पहिला दिवस फौंड्रीत जातो. एकदा एका अधिकाऱ्यांनी कोअर शॉपच्या, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे (कोअर) बनवणाऱ्या विभागाच्या, सुपरवायझर ताईंना विचारले, "आपल्याला किती कुशल मनुष्यबळ लागेल?" ताईंनी एक मोडका कोअर त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, ह्यो कशानं मोडला ते वळखणारी दोन माणसं द्या. बाकीच्यांस्नी आम्ही शिकवतो." वाळू धरून ठेवणारा बाइंडर कमी पडला की कोअर नीट भाजला गेला नाही, हे ओळखण्याची नजर कोणत्याही मागणीपत्रकाच्या रकान्यात बसत नाही. त्या दिवसानंतर आम्ही आमची प्रश्नावली नव्याने लिहिली : माल कोणत्या दोषामुळे परत येतो, कोणते यंत्र माणसाअभावी उभे आहे, पाळी सुटते तेव्हा गावाकडे जाणारी एसटी असते का.

दुसरा दिवस शिकाऊ उमेदवारीचा. 1961 च्या कायद्यानुसार 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते 29 कामगार असतील तर ते ऐच्छिक आहे. आमच्याकडच्या अनेक लहान कारखानदारांना हा ऐच्छिक मार्ग ठाऊकच नसतो आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे, माझ्या मते, या अधिकाऱ्यांचे सर्वांत मोलाचे काम आहे.

मध्यंतरी एका कार्यालयाकडे आमचे बिल अकरा महिने अडकले, तेव्हा घरची ठेव मोडून पगार केले. त्या काळात एकही सहकारी सोडून गेला नाही, याची जाणीव मला कायम आहे.

येत्या तुकडीचा पहिला दिवस इचलकरंजीत, यंत्रमाग कारखान्यात आहे. पाळी बदलताना जॉबर (मागांची दुरुस्ती-देखभाल करणारे) आणि वहिफणी कामगार (ताण्याचे धागे मागासाठी ओवणारे) भेटतात, म्हणून सर्वांना त्याआधी पोहोचण्यास सांगितले आहे.